पांघरायची धाबळी, सोवळ्याची धाबळी

मी एक धाबळी बोलतेय. पांढऱ्या लोकरीची, चांगली जाड, अंगाला जराशी टोचणारी. जन्म माळशिरसकडचा. पण मी नेमकी कशासाठी जन्मले, असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. दोन घरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या हो, आणि दोन्ही घरं मायेची!

सोजरबाईनं माझी लोकर कातली, तिच्या नवऱ्यानं, भीमानं, मला विणलं. त्यांच्याकडे लोकर म्हणजे ऊब, संपलं. पोर कुडकुडलं, टाक अंगावर. कोकरू भिजलं, गुंडाळ त्यात. सोलापूरच्या बाजारात मला विकताना सोजरबाई गंगाधरपंतांना म्हणाली, "लई ऊब हाय हिला. लेकराला घ्या बगा, तुमी."

पंत शाळामास्तर. मी त्यांना हवी होती ती खरंच लेकरासाठी. त्यांच्या मुलाला, वेणीमाधवाला, सिमल्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. पंतांच्या मुलांतला हा एकटाच जगलेला, तोही छातीचा नाजूक. त्यामुळे घरात आनंद थोडा आणि घोर जास्त.

गोंधळ तर विचारू नका! सोलापूरकराला ऊन ठाऊक. थंडी म्हणजे काय, तर संक्रांतीच्या आसपास पहाटे येणाऱ्या शिंका. शेजारचे महादेवप्पा एका साहेबाबरोबर सिमला बघून आलेले. ते ओट्यावर बसून सांगायचे, "तिथल्या हवेचं काही खरं नाही, मास्तर. सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी दात वाजतात. घालायचं, काढायचं, परत घालायचं!" हे ऐकून वेणीमाधवाची आई, अनसूयाबाई, भरलेली ट्रंक रिकामी करायच्या आणि पुन्हा भरायच्या. अल्पाकाचा पातळ कोट वर ठेवायचा की तळाशी? छत्री उन्हासाठी की गारांसाठी?

माझ्यापाशी मात्र त्यांचा गोंधळ संपला. "लोकरीची ना? मग सोवळ्याची!" झालं. काठीनं उचलून त्यांनी मला उंच दांडीवर टाकलं. त्यांचंही खरंच होतं म्हणा. त्या गारठ्यात धुतलेलं धोतर वाळणार कधी? लोकरीला रोज धुवायला नको. आंघोळ केली, धाबळी नेसली, की संध्या आणि जेवण बिनघोर.

पंत चाचरत म्हणाले, "अगं, मी ती पांघरायला आणली होती."

"पांघरेल की! पण ओवळ्यानं शिवायची नाही. वेणू, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

वेणीमाधवानं मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मी थोडी फुगले. कोकराच्या अंगावरून थेट देवापुढं!

सिमल्याची हवा महादेवप्पांच्या सांगण्याहून लहरी निघाली. वेणीमाधव सकाळी आंघोळ करायचा, मला नेसून संध्या आटपायचा, वरणभात करून जेवायचा. मग मला खुंटीवर ठेवून अल्पाकाच्या कोटात कचेरीला. एका दुपारी लख्ख ऊन होतं आणि बघता बघता गारा आल्या. तो घरी आला तो नखशिखान्त भिजून, ओठ काळेनिळे. मला वाटलं, आता घेईल. त्यानं माझ्याकडे हात केलासुद्धा. आणि मागे घेतला. रस्त्यावरून आलेला, ओवळा, आणि त्या थंडीत पुन्हा आंघोळ करायची अंगात ताकद नाही. घरून आणलेली सुती चादर ओढून तो कुडकुडत पडला.

मी खुंटीवरून बघत राहिले. काही म्हणता काही कळेना. मी ऊब आहे, तर हा थरथरतोय का? मी पवित्र आहे, तर मला एवढी लाज का वाटतेय?

तापानं फणफणलेल्या वेणीमाधवाला कचेरीतल्या एका सोबत्यानं सोलापूरला आणून पोचवलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. बाहेर वैशाख पेटलेला, लोक पंखे घेऊन घामाघूम, आणि आमचा वेणू थंडीनं काकडतोय. अनसूयाबाई सोवळ्यानं स्वयंपाक करत होत्या, त्या दाराशी आल्या.

"वेणू, धाबळी होती ना रे तुझ्याजवळ? पांघरत नव्हतास?"

"पांघरायचो की. आंघोळ झाल्यावर."

"आणि एरवी थंडी वाजली म्हणजे?"

"तू शपथ घातली होतीस ना, आई."

चुलीवरचं तसंच टाकून बाईंनी ट्रंकेतून मला ओढून काढलं आणि त्याच्या अंथरुणावर येऊन बसल्या.

"अगं, सोवळ्यात आहेस तू!" पंत म्हणाले.

"असू दे. देवाचं मी बघून घेईन."

पण वेणीमाधवच मला अंगावरून सारायला लागला. ग्लानीत पुटपुटला, "नको, आंघोळ नाही झालेली माझी. तुला काही होईल."

तेव्हा बाईंचा बांध फुटला. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्या म्हणत राहिल्या, "सुटली रे, वेणू. शपथ सुटली. सुटली म्हणते ना मी!"

मग कुठं त्यानं मला गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

तो वाचला. छाती अजून वाजते, पण वाचला. सिमल्याची नोकरी गेली, आता तो पंतांच्याच शाळेत शिकवतो. मला काढ्याचे डाग पडलेत, वास येतो, देवघरात मला कुणी घेत नाही. मी सोवळ्याची की पांघरायची, हे अजून मला नीटसं कळलेलं नाही. पण आयांनो, एक मागणं आहे. मायेपोटी शपथ घातलीत तर घाला. पोर गाडीत बसायच्या आत तेवढं 'सुटली' म्हणा.