समोरच्या खुर्चीचा माईक

"पण काका, पाहुणे येणार किती?" माईक-कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी पुन्हा विचारले.

"एकच. पण तो समोर बसणार, हे धरून बोला."

एका मासिकाच्या संपादकपदावरून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांनी घरात पॉडकास्टची खोली थाटायचे मनावर घेतले होते, आणि त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की तिची सालपटे निघत. कंडेन्सर माईक त्यांनी बाद केला, कारण तो पंख्याची घरघरही टिपतो. डायनॅमिक पसंत केला, कारण तो तोंडाजवळचेच काय ते ऐकतो. एका कॅमेऱ्यात भागेल असे बाईंचे मत पडताच त्यांनी वाद घातला, "ऐकणाऱ्याचा चेहराही हवा. तो नाक मुरडतो, ते दिसलं पाहिजे."

"अहो, हल्ली पाहुणे आपापल्या घरूनच बोलतात. कशाला हे वायरींचं जंजाळ?"

"वायर असली की माणसाला यावं लागतं," संपादक म्हणाले. बाईंनी हात टेकले आणि दुसरा माईक काढला.

नाक मुरडणारा म्हणजे त्यांचा वकील मित्र. एका गल्लीत राहत होते तोवर तो रोज संध्याकाळी येई, ताज्या अंकातले एखादे वाक्य उकरून काढी आणि दोघांची जुंपे. पुढे वकील शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलीकडे राहायला गेला. भेटींचे फोन झाले आणि फोनची नुसती खुशाली उरली. वादांचा कार्यक्रम सुरू केला तर त्याला दर आठवड्याला यावेच लागेल. एवढ्याचसाठी हा खटाटोप होता, आणि ते संपादकांनी कोणाला सांगितले नव्हते.

सामान लावायला बाई स्वतः आल्या. भिंतींवर फोमचे तक्ते चढवून झाल्यावर त्यांनी टाळी वाजवली आणि कान दिला. "काय शांत घर आहे हो! लोक अशा घरासाठी जीव टाकतात."

ही स्तुती संपादकांनी निमूट गिळली.

दुसऱ्या माईकची पातळी ठरवण्यासाठी बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "काय बोलू?"

"माझं म्हणणं खोडून काढा."

"कुठलं?"

"कुठलंही."

"तुमचा दुसरा कॅमेरा फुकट गेलाय!"

संपादक इतक्या मोठ्याने हसले की पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी लाल झाली. बाई गेल्यावर ती पट्टी तळाला जाऊन बसली.

त्यांनी फोन लावला. "ऐक, सगळं तयार आहे. तुझी खुर्चीसुद्धा झटकून ठेवलीय."

"तुझ्याकडे लिफ्ट बसली का रे?" वकिलाने विचारले.

"लिफ्ट कशाला?"

"संपादका, तुझा चौथा मजला. माझ्या गुडघ्यांचा निकाल केव्हाच विरुद्ध गेलाय. सांगितलं होतं मागे. तू तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करत बसलास."

माईकची दिशा, खुर्चीची करकर, खिडकीच्या पडद्याचे कापड, सारे संपादकांनी तपासले होते. जिना तेवढा राहिला होता.

"फोनवरून करू की," वकील म्हणाला.

"फोनवर तू लवकर संपतोस."

"तू तरी कुठं टिकतोस?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना संपादक दारातच उभे होते. "पिशवीत मावेल असं काय आहे?"

बाईंनी एक छोटा रेकॉर्डर पुढे ठेवला. "तुमचे दोन्ही माईक ह्याला लागतील. आणि कॅमेरे?"

"एक पुरे. त्याच्यावर. माझा चेहरा मला पाठ आहे."

"नेणार तिथं गोंगाट कितपत? पोरंबाळं, टीव्ही, रस्ता?"

रेकॉर्डरच्या कडेवरून संपादक उगाच बोट फिरवत राहिले.

"ठाऊक नाही," ते अखेर म्हणाले. "मी तिथं कधी गेलोच नाही."

बाईंनी सामान पिशवीत भरले.

"पट्टा जरा लांब करून द्या," संपादक म्हणाले. "बसनं जायचंय. आत्ताच."