३०२ नंबरचं दार

व्हॅल्युअर अकराला येणार होता. साडेदहापर्यंत संपदाचा छताला चहा लावून झाला होता, घर गळतंय असं दिसावं म्हणून. चहात साखर होती हे तिला मुंग्या आल्यावर आठवलं.

तिला भीती एकाच आकड्याची होती. घटस्फोटात ठरलं होतं की घराची किंमत काढायची, निम्मे पैसे तिने केयूरला द्यायचे आणि चंदनसारचा हा फ्लॅट तिचा. नाही जमलं तर विकायचा. बँक अठरा लाखांपुढे सरकत नव्हती. म्हणजे घर छत्तीसच्या वर गेलं की संपदा रस्त्यावर.

बेल वाजली. दारात नरहरी सावे, सरकारमान्य व्हॅल्युअर. मागे केयूर, हातात रूम फ्रेशनर. तोही तयारीनेच आला होता.

सावेंनी छताकडे पाहिलं, मुंग्यांकडे पाहिलं आणि गप्प राहिले. रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसणाऱ्या डॉक्टरसारखे. त्यांनी भिंती मोजल्या. ॲग्रीमेंटचा नकाशा आडवा धरला, उलटा धरला, मग पॅसेजमध्ये जाऊन लिफ्टकडे बघत उभे राहिले.

"मॅडम, हे घर तुमचं नाही."

"म्हणजे?"

"नकाशात नंबर लिफ्टकडून आहेत. पेंटरने टाकले जिन्याकडून. तुमचं ३०२ म्हणजे ते शेजारचं. तुम्ही राहताय ३०३मध्ये."

शेजारचं दार उघडून नॅन्सी बाहेर आली. नऊ वर्षं दोघींची भाजीच्या वाट्यांची ये-जा. "काय झालं गो?"

"नॅन्सी, तू माझ्या घरात राहतेस."

"आन तू?"

"तुझ्या."

नॅन्सीने संपदाच्या दारातून आत डोकावून पाहिलं. "मग माझ्या छताला काय फासलंस?"

केयूर मात्र नॅन्सीच्या दारातून आत बघत होता. मुलाच्या लग्नासाठी तिने नुकताच संगमरवर घातला होता. "म्हणजे साहेब, मोजायचं ते हे," म्हणत त्याने चपला काढल्या आणि आत गेला.

"ए, बाहेर हो!"

"माझ्या घरातून?" आतून सोफा करकरला.

संपदाला चाळीस, पन्नास, साठ असे आकडे दिसायला लागले. "साहेब, यावर काही उपाय?"

"चूकदुरुस्तीचा दस्त होतो. सगळ्या मालकांच्या सह्या लागतात."

"ह्यानं नाही केली तर?"

सावे पुन्हा डॉक्टर झाले. मग मोबाईल काढत म्हणाले, "आज फक्त फोटो द्या. मालक, मागे दार. रिपोर्टला लागतोच. वाद आहे तर दोन्ही दारांचे फोटो जोडतो, पुढे कोर्ट बघेल."

केयूर लगेच बाहेर आला, केसांवरून हात फिरवून नॅन्सीच्या दारासमोर उभा राहिला. "ये संपदा. जरा हसून."

संपदाचे पाय तिकडे वळेनात. आपल्या दाराकडे मागे सरावं, तर ते आपलं नव्हतंच. नॅन्सीही भिंतीला टेकून पांढरीफटक झाली होती. संपदाने तिचा हात धरला, तिला ओढत आणलं आणि पेंटरने ३०२ लिहिलेल्या पाटीखाली दोघी उभ्या राहिल्या.

"घर हिच्या नावावर आहे. राहते मी. काढा फोटो."

सावेंनी काढला. स्क्रीनकडे पाहून मान हलवली.

"हलला. मॅडम, जरा स्थिर उभ्या राहा."

"स्थिरच आहे," संपदा म्हणाली आणि तिने नॅन्सीचा हात आणखी घट्ट धरला.