ट्रकाला घास

आमच्या घरात एक माणूस आहे, त्याला सगळं कळतं. त्याचं नाव केसरीनाथ आणि माझं नशीब असं की तो माझा नवरा आहे. अंजूरची भातशेती गोदामवाल्याला विकली तेव्हापासून लोक त्याला शेठ म्हणतात. चिखलात वाकून कंबर मोडली माझी आणि शेठ झाला तो! त्या पैशात थोडं कर्ज घालून ट्रक घेतला, तो माझ्या नावावर. प्रेमापोटी नव्हे हो, बाईच्या नावावर व्याज कमी लागतं असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

ट्रकावर ड्रायव्हर कल्पेश. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा, तिशी उलटलेला, बोलायला कंजूष. डिसेंबरात एक दिवस भरदुपारी त्याचा फोन आला. नाशिकच्या रस्त्यावर चढणीला माल भरलेली गाडी बाजूला लावून उभा होता.

"शेठ, तेलाची लाल बत्ती लागलीय. इंजिन बंद केलंय. अशीच चालवली तर जाम होईल."

दुसरा मालक म्हणाला असता, बरं केलंस बाबा. आमच्या शेठनी दहा मिनिटं शिव्या घातल्या. बत्तीची वायर ढिली असेल, गप चालव म्हणे. कल्पेशनं चालवली नाही. शेवटी दुसऱ्या गाडीला बांधून ट्रक ओढत राहनाळला सावळाराम मिस्त्रीच्या गॅरेजात आणला.

इकडे शेठनी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले आणि निकाल देऊन टाकला. दसऱ्याच्या आधी इंजिनात नवं तेल भरलं होतं, मग अडीच महिन्यांत बत्ती लागलीच कशी? म्हणजे ड्रायव्हरनं चांगलं तेल काढून विकलं आणि भंगार तेल भरलं. कल्पेशचं लायसन काढून घेतलं आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातलं. आता बस घरी म्हणे, लायसनाशिवाय कोण ठेवतो तुला.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मी नवऱ्याच्या चार पावलं पुढे गेले. त्याच संध्याकाळी माझ्या भाच्याची, कुमारची हळद होती. मांडवाच्या मागे कल्पेशची बायको, धाकली तिचं नाव, आणि तिची सासू भांडी घासायला आल्या होत्या. मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच आवाज चढवला. "आमच्या ट्रकाचं तेल पिऊन लोक गब्बर झाले गं! चोर पोसला आम्ही, चोर!" बायका खदाखदा हसल्या. मागे भांड्यांचा आवाज थांबला आणि जरा वेळानं परत सुरू झाला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी शेठबरोबर गॅरेजात जाऊन मी कल्पेशला ट्रकातल्या वज्रेश्वरी आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला. "घे शपथ." त्यानं घेतली. "तेलाला हात लावला न्हाय," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, चोराला शपथेचं काय, तोंडात पाणी घेतल्यासारखी घेतो न् थुंकतो.

"आधी रोग तर बघू द्या," सावळाराम मिस्त्री खाकरत म्हणाला. "मग द्या फाशी."

त्यानं तेल मोजायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. तेल बरोबर वरच्या खुणेला.

"शेठ, चोरानं चोरलं कुठं?"

"पाणी घातलं असंल."

मिस्त्रीनं तेल दोन बोटांत चोळलं. "पाणी असतं तर दुधासारखं झालं असतं. पातळ पण न्हाय झालेलं."

"मग बत्तीच खराब असंल! मी पहिल्यापासून काय सांगतोय!"

बघा आता! चोरीचं तेल गेलं आणि बत्ती आली. बत्तीला खबर देणारा सेन्सर खोलून मिस्त्रीनं त्या जागी स्वतःचा मीटर बसवला आणि गाडी चालू केली. काटा जरा हलला न् खालीच बसला. रेस दिली तरी उठेना. मिस्त्रीनं लगेच इंजिन बंद केलं.

"बत्ती खरं सांगत व्हती. तेल हाय, पण वर चढत न्हाय. ह्यानं तिथंच बंद केली म्हणून इंजिन वाचलं, शेठ. दोन किलोमीटर चालवली असती तर भंगारात घालायला लागलं असतं."

शेठनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मग मिस्त्री ट्रकाखाली शिरला. सगळं तेल काढलं आणि इंजिनाच्या पोटाखाली टोपासारखं चेंबर असतं ते सोडवलं. बराच वेळ खालून नुसतं खाकरणं ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पंपाची जाळी होती. तेल आधी ह्या जाळीतून गाळलं जातं, मग पंप ते वर ढकलतो. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्यापिवळ्या लगद्याचा जाड थर बसला होता. मिस्त्रीनं तो डिझेलनं धुतला आणि हातावर घेऊन आमच्यापुढे धरला.

तांदूळ. आणि झेंडूच्या पाकळ्या.

"पंप पण गेला," तो म्हणाला. "जाळी तुंबली, तेलाशिवाय कोरडा फिरला, आतले दात घासले. जाळी फाटून एक दाणा वर गेला, तो पंपाच्या वॉल्वात अडकलाय. चाळीस वर्षं हा धंदा करतोय, इंजिनात तांदूळ पहिल्यांदा बघितला."

"भात हाय तो!" शेठ ओरडला. "हा डबा खाताना सांडत असंल!"

"शेठ, भात शिजवलेला असतो," मिस्त्री म्हणाला. "हे कच्चे हायत. हळद लावलेले. आणि डब्यात झेंडू कोण नेतो?"

ती हळद मी लावली होती.

माझी सासू दसऱ्याला बैलांना हातानं घास द्यायची. म्हणायची, जो घरासाठी राबतो त्याच्या तोंडात आधी घास, मग आपल्या. बैल गेले, ट्रक आला. यंदा मी ओवाळलं, नारळ फोडला आणि मनात आलं, ह्यालाही घास द्यावा. पुढचं झाकण उचललं, तेल ओतायचं बूच काढलं आणि तोंड समजून मूठभर अक्षता न् फुलं आत घातली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आणि झाकण वर धरून कोण उभं होतं? कल्पेश. तो म्हणाला होता, "वयनी, त्याच्यात नका टाकू, इंजिन बिघडंल." आणि मी म्हटलं होतं, "तू गाडी चालव, देवाचं आम्हाला नको शिकवू." हे सगळं मी विसरून गेले होते. आपल्याला नको ते आपण किती छान विसरतो!

मी कल्पेशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. गप्प बसले असते तर त्यानं नाव घेतलं नसतं, हे मला दिसत होतं. तेच सहन झालं नाही.

"मी टाकले," मी म्हटलं.

शेठला कंठ फुटला. "बायकांची अक्कल! मी तिथं असतो तर..."

"तूच होतास! फोटो कोणी काढला? काढ मोबाइल!"

मोबाइल निघाला. दसऱ्याचा फोटो, खाली लिहिलेलं, 'आमच्या लक्ष्मीची पूजा'. मी ट्रकाच्या तोंडात घास घालतेय आणि कोपऱ्यात झाकण धरलेला कल्पेश. शेठनी हा फोटो अख्ख्या गावाला पाठवला होता. मिस्त्रीनं फोटो बघितला आणि खाकरायचं निमित्त करून तो पाठ फिरवून हसला.

नवा पंप आला. मिस्त्रीनं आधी त्यात तेल भरलं, कोरडा पंप कधी बसवायचा नाही म्हणाला. आतला सगळा मार्ग धुतला, नवी जाळी, नवा फिल्टर. गाडी चालू केली तशी काटा सरसर वर चढला आणि बत्ती विझली.

"झालं गेलं विसर," शेठ कल्पेशला म्हणाला. "चल, गाडी काढ."

मी शेठच्या खिशात हात घातला, लायसन काढलं आणि कल्पेशच्या हातात दिलं. "चुकलं रे माझं," म्हटलं.

त्यानं लायसन पुसून खिशात ठेवलं. "वयनी, चोर तुम्ही मांडवात बोललात. चुकलं गॅरेजात बोलून कसं चालंल?"

एवढं बोलून तो चालत फाट्याकडे गेला. शेठ म्हणाला, "माज बघ त्याचा!" मी म्हटलं, "तू गप."

पंधरा दिवसांनी माझ्या जावेच्या पोरीची, दिपालीची हळद होती. मांडव तसाच, बायका त्याच, मागे भांड्यांचा आवाजही तोच. गाणी रंगात आली होती. मी उठले आणि गाणाऱ्याच्या हातातून माईक ओढून घेतला.

"ऐका गं! मागे मी कल्पेशला चोर बोलले. त्यानं काही चोरलं न्हाय. ट्रकात तांदूळ मी टाकले. त्यानं नको म्हटलं, तरी टाकले. गाडी त्याच्यामुळं वाचली."

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा मांडव फुटला. "ट्रकाला घास!" एक म्हातारी तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. शेठ पान आणायच्या निमित्तानं पसार झाला. मी माईक धरून तशीच उभी.

मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. धाकली राखेचे हात पदराला पुसत मांडवात आली. हात धरून तिनं सासूला पुढे आणलं आणि माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. हसणं हळूहळू विरलं.

"वयनी," धाकली म्हणाली, "परत बोला. आमच्या आयेनं त्या दिवशी सगळं ऐकलं व्हतं. आज भांड्यांच्या आवाजात ऐकायचं राहिलं."

मी माईक तोंडाशी नेला आणि पहिल्यापासून परत बोलले.