डावा पीळ

हिरवं ठिगळ, बायडाबाईच्या लुगड्याचं

घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे. ह्याला कोल्हापुरात दसरा काढणं म्हणतात, आणि जिचा दसरा निघाला नाही तिला गल्लीतून मान वर करून चालता येत नाही.

बायडाबाईनं तीस वर्षं पंचगंगेवर दसरा काढला. सत्त्याण्णव साली तिच्या गुडघ्यानं घाट उतरायला साफ नकार दिला. नशीब असं, की त्याच उन्हाळ्यात घरावर नवा स्लॅब टाकला होता. स्लॅबवर टाकी, टाकीला नळ.

"नदीच माडीवर आणून दिलीया," तिचा नवरा आकाराम म्हणाला. "बसा आता बडवत."

वाकळा, म्हणजे ठिगळं जोडून शिवलेल्या गोधड्या, सात. उद्या अमावस्या, तेव्हा धुणं नाही. परवा घट. काय धुवायचं ते आज, आणि वाळवायचंही आजच. कारण हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस रोज चारच्या सुमारास तोंड दाखवून जात होता.

पांढरं ठिगळ, कबनूरच्या मागावरचं

हे वर्षाराणीनं लावलेलं. मे महिन्यात सून होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत बापाच्या कबनूरच्या मागावरचे कापडाचे तुकडे होते. श्रावणात तिनं मोठ्या वाकळेचं भोक त्यातल्या एकानं बुजवलं. टाके बारीक, सरळ रेघेत. फक्त सगळे उलट्या बाजूला कललेले.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून ती सुटली.

वर्षाराणी डावरी होती. बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं कानात सांगितलं होतं, "चा उजव्या हातानं दे. आन पुढं बी तसंच रेट." तिनं रेटलं. उजव्या हातानं जेवली, उजव्या हातानं कुंकू लावलं, उजव्या हातानं भाकरी थापली, आणि ती भाकरी तिच्या नवऱ्याला, कृष्णातला, कर्नाटकाच्या नकाशासारखी वाटली.

पण ह्या साली घटात धान्य नव्या सुनेच्या हातानं पडायचं होतं, तेही परवाच. आणि श्रावणात प्रसादाला डावा हात पुढं केलेल्या एका पोरीला बायडाबाईनं सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "असला हात आमच्या द्येवाला चालत न्हाय."

ते ऐकल्यापासून वर्षाराणीला स्वप्नात नुसती धान्यं दिसत.

चिखलरंगाचं ठिगळ, कशाचं ते कुणालाच आठवत नाही

भिजवणं झालं. तुडवणं झालं, त्यात वर्षाराणी नाचलीच म्हणायची. धोपाटण्यानं बडवणंही झालं. मग मोठी वाकळ पिळायला घेतली. ओली वाकळ म्हणजे रेडकाचं वजन. ती एकटीला पिळत नाही. दोन टोकं, दोन बाया, समोरासमोर.

"धर. आन फिरव."

वर्षाराणीनं फिरवली. बायडाबाईनंही फिरवली. वाकळ गरागरा फिरली आणि पाण्याचा थेंब पडला नाही.

"पीळ की!"

"पिळाय लागलोय की, आत्ती!"

पुन्हा गरागरा. चरकात ऊस फिरावा आणि रस येऊ नये, तसं. शेजारच्या स्लॅबवर झुंबरबाई मिरच्या वाळत घालत होती. हातात मिरची तशीच घेऊन ती कठड्याला टेकली.

"बायडाक्का, वाकळ धुतासा, का दोरीच्या उड्या खेळतासा?"

वर्षाराणीनं मनाला बजावलं, दोघींनी आपापल्या उजवीकडं फिरवली तरच पीळ बसंल, उजवीकडं फिरव. मनानं ऐकलं, मनगटानं नाही. घास तोंडात घालायला मन पुरतं. वजन आलं की हात आपलं तेच करतो. वाकळ निसटली आणि धप्पकन खाली पडली.

बायडाबाईनं आधी वाकळेकडं बघितलं. त्या पांढऱ्या ठिगळाच्या कललेल्या टाक्यांकडं बघितलं. मग सुनेच्या हातांकडं.

"तू डावरी हाईस?"

"व्हय."

भोक

नळ ठिबकत होता. उन्हानं टाकीची सावली वीतभर आखडली.

पट्ट्यापट्ट्याचं ठिगळ, आकारामच्या पायजम्याचं

"बडवायचा आवाज का थांबलाय?" म्हणत आकाराम जिना चढून आला. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून आवाज थांबला की त्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटे.

बायडाबाई पालथ्या बादलीवर बसली होती. "सुनंलाच इचारा. हिच्या हातात वाकळ उलटी फिरतीया. परवा घट हाय माझा."

आकारामनं सुनेकडं बघितलं. तिचे डोळे भरलेले. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते, कुठला कुठला ते कळू नये म्हणून. त्यानं पायजम्याची नाडी आवळली, वाकून वाकळेचं टोक उचललं.

"धर गं, पोरी."

"आवो, ठेवा ती खाली! तुमास्नी काय जमतंय?"

"फिरव."

वर्षाराणीनं फिरवली. हातांना वाटलं तशी.

वाकळेनं अंग आवळलं, आणि पाणी असं कोसळलं की बायडाबाईला पाय वर घ्यावे लागले. आणखी एक वेढा. पुन्हा धो धो. स्लॅबवरनं पन्हाळीत, पन्हाळीतनं गल्लीत, आणि गल्लीतनं कुणाची तरी शिवी वर आली.

बायडाबाई नवऱ्याच्या हातांकडं बघत राहिली.

"आवो… तुमी बी?"

"मी बी."

"तीस वर्सं झाली लग्नाला!"

"मग तू मला कवा वाकळ पिळाय बोलीवलंस का?"

झुंबरबाईच्या हातातली मिरचीच गळाली.

"मास्तरनं पट्टीनं फोडून उजवा केलता," आकाराम म्हणाला. "लिवतो उजव्यानं, जेवतो उजव्यानं. पर जोर लावायचा म्हटला की ह्योच."

"आन घट?" बायडाबाईचा आवाज खाली आला. "तीस वर्सं घटात धान कुणी पेरलं?"

"मीच की. तोंड द्येवाकडं, पाठ तुझ्याकडं. कुठला हात चालतोय ते कुणाला दिसतंय? वीत-वीतभर उगवलं का न्हाय दर साली?"

बायडाबाईनं बोटांवर एकेक साल मोजून बघितलं. चांगलंच उगवलं होतं. एका साली तर एवढं, की झुंबरबाईनं बघायला गल्ली आणली होती.

आता ती झुंबरबाई पोट धरून हसत होती.

"झुंबरे, तुझ्या मिरच्या कावळं न्ह्यायल्यात, तिकडं बघ!" बायडाबाई उठली, पण वाकळेकडं नाही, जिन्याकडं गेली. "दोन डावरी मिळालायसा, तर पिळा सातीच्या साती. माझा गुडघा दुखतोय. मी चा टाकतो."

पाऊस त्या दिवशी साडेचारला आला. साती वाकळा तेव्हा कोरड्या होऊन अंथरुणाच्या घडवंचीवर चढल्या होत्या, उन्हाचा वास घेऊन.

कोरं ठिगळ

घटाच्या सकाळी पत्रावळीवर माती पसरली. वर्षाराणीनं उजव्या मुठीत धान्य घेतलं. गहू मुठीतून पाटावर सांडले.

"सांडू नको," बायडाबाई म्हणाली. "जो हात चालतोय त्यो लाव."

नवव्या दिवशी झुंबरबाई हळदी-कुंकवाला आली. घट हिरवागार, दाट, आणि खिडकीकडं, म्हणजे डाव्या बाजूला, सगळाच्या सगळा झुकलेला.

"कलंडलाय की गं एकीकडं."

बायडाबाईनं तिला उजव्या हातानं कुंकू लावलं.

"डावरा हाय," ती म्हणाली. "आमच्या घरातलाच न्हवं का."