कुलामाची हाक

एक ऑक्टोबरला, नायजेरियाच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या कुलामा गावची लढाऊ होडी खाडीतल्या मिरवणुकीत होती. मिरवणुकीच्या यादीत मात्र तिच्यासमोर शेजारच्या मोठ्या गावाचं नाव लिहिलं होतं, सोनोकिरी. सरकारच्या गावांच्या यादीतही आमचं नाव नाही, म्हणून शाळा नाही, नळ नाही. तेलाची पाइपलाइन मात्र आमच्याच अंगणाखालून जाते. मी तावातावाने व्यासपीठाजवळच्या अधिकाऱ्याला गाठलं.

"अहो बाई, चारशे टाळकी तुम्ही," तो म्हणाला. "देश एक आहे. खाडीगणिक वेगळं नाव कशाला?"

"मग तुमच्या गावाचं पुसा आधी! देश आमचाही आहे, म्हणून तर भांडतेय."

तो हसला. असं हसणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

आमच्याकडे प्रत्येक गावाची ढोलावरची हाक ठरलेली असते. ती ऐकली की त्या गावच्या प्रमुखाने उठून हात वर करायचा. दुसऱ्याच्या हाकेला उठणाऱ्याची पिढ्यान् पिढ्या चेष्टा होते.

आमची होडी व्यासपीठासमोर आली. ध्वनिक्षेपक ओरडला, "सोनोकिरी!" होडीत ढोलाशी माझे वडील ओपुबो होते. त्यांनी काठ्या थांबवल्या, वल्हीही थांबली. मग त्यांनी आमच्या गावाची हाक वाजवली, अगदी सावकाश.

व्यासपीठावर सोनोकिरीचे प्रमुख आवोबा बसले होते. आमची माणसं त्यांच्यात धरली की त्यांचंच गाव मोठं दिसतं, म्हणून ते उठतील असंच मला वाटलं.

"काका, उठा की, हात हलवा," अधिकारी कुजबुजला.

"दुसऱ्याच्या हाकेला उठू? मेल्यावर माझे वाडवडील मला दारात उभं करतील का?"

उत्तरेहून आलेल्या केंद्रीय मंत्र्यांनी विचारलं, "मग ही होडी कुणाची?"

"कुलामाची, साहेब," आवोबा म्हणाले. "माणसं मूठभर, पण तोंड केवढं बघा!"

आमच्या प्रमुखांना कुणी खुर्चीच दिली नव्हती. ते दूर गर्दीत अडकले होते. मीच पुढे झाले आणि हात वर केला. बाईने असं करायची रीत नाही, पण मला कुणीच अडवलं नाही. आधी सोनोकिरीच्या ढोलांनी आम्हाला सलामी दिली, मग बाकीच्या सगळ्या होड्यांनी. अभिमानाने मला रडू फुटलं.

मंत्री अधिकाऱ्याला म्हणाले, "लिहा गावांच्या यादीत."

तो वही घेऊन माझ्याकडे आला. "काय नाव म्हणालात, बाई?"

"आत्ता ऐकलंत ना?" मी डोळे पुसले आणि पाण्याकडे वळून ओरडले, "बाबा, साहेबांना ऐकू आलं नाही! पुन्हा वाजवा!"