दिवा पेटवण्याचे गुण

तिने काडी ओढली आणि पेटायच्या आतच फेकून दिली. कुणी हसलं नाही, कारण हसायला कुणी उरलंच नव्हतं. बाकीच्या मुली प्रात्यक्षिक आटपून केव्हाच घरी गेल्या होत्या. प्रयोगशाळेत ती, विज्ञानाच्या बाई आणि टेबलावरचा स्पिरिटचा दिवा, एवढेच.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या पलीकडे कपाटाला पाठ लावून उभ्या होत्या.

दहावीच्या प्रात्यक्षिकाचा नियम साधा होता. दिवा प्रत्येकीने स्वतःच्या हाताने पेटवायचा, त्यावर परीक्षानळी तापवायची आणि मग विझवायचा. आकृत्या, निरीक्षणं, तोंडी परीक्षा, सगळ्यांत ती वर्गात पहिली. पण गुणांच्या तक्त्यात ही एक खूण पडली नाही तर प्रात्यक्षिक अपुरं, आणि ते अपुरं राहिलं तर पुढे विज्ञान शाखेचं नावच काढायला नको. तिला औषधं बनवायची होती. कळायला लागल्यापासून तिने दुसरं काही ठरवलंच नव्हतं.

सातवीत असताना घरी गॅसचा भडका उडाला आणि तिच्या भुवया जळाल्या. भुवया परत आल्या, धीर काही आला नाही. तेव्हापासून चहा ठेवायचा तो आईने, नाहीतर दादाने. दादा तिला अग्निशामक दल म्हणायचा, कारण काडी ओढल्याचा आवाज आला की ही नळापाशी. तीही हसायची. हसण्यावारी नेलं की भीती चारचौघांत झाकली जाते, इतकंच.

आज हसू येत नव्हतं. पुढची काडी मोडली. त्याच्या पुढची मात्र भस्सकन पेटली, तिच्या हातून सुटली आणि टेबलावर पडून जळत राहिली.

कपाटातल्या बाटल्या खणखणल्या. बाई मागे सरकल्या होत्या आणि मागे जायला जागा नव्हती.

काडी आपोआप विझली. तिने वर पाहिलं. बाईंनी दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. या बाई वर्गात आल्या की पंखासुद्धा आवाज न करता फिरतो, असं मुली म्हणायच्या. तिला एकेक आठवायला लागलं. प्रयोग दाखवायचा असला की दिवा पेटवायचे ते प्रयोगशाळेतले काका, आणि बाई फळ्यापाशी उभ्या राहून समजावून सांगायच्या. आज काका रजेवर होते.

"बाई, तुम्हालापण?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाई टेबलाशी आल्या, तक्ता पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. तू हुशार आहेस, बाकीचं सगळं तुला येतं, एवढ्याशा गोष्टीपायी वर्ष वाया घालवू नये, असं काहीतरी त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"पेटवला म्हणून लिहिते मी. कुणाला कळायचं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकं सुटल्यासारखं वाटलं. दप्तर उचलायला ती वाकलीसुद्धा.

"माझ्या बाईंनीही असंच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "फार मायाळू होत्या."

दप्तराचा बंद तिच्या हातात तसाच राहिला. तक्त्यावर वाकलेल्या बाईंचा भांग तिला दिसत होता. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस पांढरे झाले होते. तिच्या काळजात धस्स झालं, मघाच्या काडीने झालं नव्हतं तेवढं.

"बाई, थांबा. अजून लिहू नका."

तिने काड्यापेटी घेतली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

"मला खूप भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हात पुढे केला आणि दिवा हलू नये म्हणून तो बुडाशी घट्ट धरला.