मांडीवरचे हात

दोन्ही उमेदवार एकदम बोलू लागले, तसे तिने आपले हात मांडीवर ठेवले. टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ती दिसत असे. ऐकू न येणाऱ्यांसाठी निवडणुकीची चर्चा खुणांनी सांगायची, हे तिचं काम.

"अहो बाई, हात का थांबले?" कानातल्या यंत्रातून निर्माता ओरडला.

तिने प्रेक्षकांना खुणेने सांगितलं, दोघं एकदम बोलताहेत, थांबते. आणि पुन्हा हात मांडीवर.

सूत्रसंचालिकेने तिसऱ्यांदा विचारलं, "नळाला पाणी कधी येणार, तेवढं सांगा."

"सांगतो ना! पण आधी यांना विचारा, वीस वर्षं काय केलं?" टक्कल पडलेला उमेदवार म्हणाला.

ही टाळाटाळही तिने जशीच्या तशी हातांनी सांगितली.

ती घरी आली, तेव्हा आप्पा टीव्हीला नाक लावून बसले होते. वडिलांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आता नजरही धूसर होत चालली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनला होकार की नकार, ते डॉक्टरांना उद्या सकाळी कळवायचं होतं.

"भले शाब्बास!" आप्पांचे हात हलले. "बडबड्यांना गप्प बसून दाखवलंस."

"आप्पा, डॉक्टरांना काय कळवू?" तिनेही हातांनीच विचारलं.

"तू जेवलीस का?"

"ते राहू दे. ऑपरेशनचं बोला."

"त्या टकल्याने पाण्याचं उत्तर दिलं का शेवटी?"

"नाही. तुमच्यावर गेलाय."

आप्पा खुदकन हसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे मिटले की या घरात बोलणंच खुंटायचं. तीन आठवडे विषय इथेच येऊन अडत होता.

ती रागावली नाही. समोर बसली, हात मांडीवर ठेवून. बऱ्याच वेळाने आप्पांनी एक डोळा किलकिला केला. ती तशीच बसलेली.

"बिघडलं तर?" त्यांचे हात जेमतेम हलले. "तुझं बोलणं मला कसं कळणार?"

तिने हलकेच त्यांच्या पापण्यांवरून हात फिरवून डोळे मिटले. मग आपले हात त्यांच्या तळव्यांत ठेवले आणि सावकाश खूण केली: जेवलात का?

तिची बोटं आप्पांनी पुन्हा एकदा चाचपली.

"नाही," डोळे न उघडता त्यांचे हात म्हणाले. "तुझी वाट बघत होतो."

मग त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं, "डॉक्टरांना हो कळव" अशी खूण केली, आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.